कोकराची अर्धी गोष्ट

४ मार्च

चि. खारूस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुझे बाबा म्हणाले, "फोनवर तू त्याला बोलूच देत नाहीस. कागदावर निदान मध्येच तोडणार तरी नाहीस." दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी गप्प बसले.

मावशीकडच्या जेवणाचं तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. मी असं काय वाईट सांगितलं? माझा मुलगा लहान बाळांचा डॉक्टर आहे, एवढंच. तू डॉक्टर आहेस, नावाआधी लिहितोस. आपलं काम शेवटी बाळांसाठीच आहे, हेही तूच सांगतोस. मधल्या मेंढ्या तेवढ्या मी गाळल्या. त्यावर तू भरल्या टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "मावशी, मी मेंढ्यांच्या पोटातल्या कोकरांचा ऑक्सिजन कमी करतो आणि ती काय करतात ते बघतो." मी हसून "थट्टा करायची सवयच आहे त्याला" म्हणाले, तर तू ताटावरून उठलास. सूनबाई बिचारी तोंडातला घास तसाच घेऊन तुझ्यामागे. तुम्ही गेल्यावर त्या टेबलाशी माझं तोंड कसं झालं असेल, हे एकदा मनात आणून बघ.

मी तुमच्यामागे जिन्यापर्यंत आले तेव्हा तू म्हणालास, "आई, तुला माझ्या कामाची लाज वाटते." तसं काही नाही. लोकांना समजत नाही, मग ते काहीबाही बोलतात, एवढंच माझं म्हणणं.

इकडे सगळं ठीक. दुकानात शाळेचे गणवेश येऊन पडलेत, सगळे लांबीला वाढवायचे. वरच्या मजल्यावरच्या बेकरीवालीला नववा लागला. तिचा बेकरीतला झगा मी तिसऱ्यांदा सैल केला. शिवणीत दडवलेलं कापड संपलं, आता दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या आहेत. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक घेऊन जातो, त्यामुळे संध्याकाळी ती खाली माझ्याकडे येऊन बसते. तुझी चौकशी करते. "बाळांचे डॉक्टर घरातच, काकू, तुमचं बरं आहे," म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही. कुठून तरी ऐकलं असेल.

रागावला आहेस तर रागाव, पण कळव.

आई


११ मार्च

चि. खारूस,

आज दुपारी तुला फोन केला होता. कामात असशील.

बेकरीवाली आली होती. बाळ सकाळपासून गप्प आहे, लाथा मारत नाही, म्हणून घाबरली होती. पहिलीच वेळ आहे, नवरा जवळ नाही, बारीकसारीक गोष्टीने जीव वरखाली होतो. मी तिला धीर दिला. तू आपल्या स्वयंपाकघरात बसून कोकरांचं सांगितलं होतंस ना, ते नेमकं आठवलं आणि तिला समजेल असं सांगितलं. तिला बरं वाटलं. चहा पिऊन वर गेली. बघ, तुझं काम कसं उपयोगी पडलं. आणि तू म्हणतोस मला लाज वाटते.

तुझे बाबा निवृत्त झाले तरी लिफ्ट त्यांना सोडत नाही. आज ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. नवा मेकॅनिक आला, त्याच्या डोक्याशी उभे राहून यांनी इतक्या सूचना दिल्या की शेवटी तो म्हणाला, "काका, पाना तुम्हीच धरा, मी चहा आणतो." यांना त्यात अपमान दिसला नाही. धरला पाना.

एक सहज विचारायचं होतं. पोटातलं कोकरू असं गप्प झालं, तर ते किती वेळ गप्प राहिलेलं चालतं? घाई नाही. सवड झाली की कळव.

आई


१३ मार्च

चि. खारूस,

बेकरीवालीला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच, पोट कापून काढावा लागला.

काल संध्याकाळी ती जिन्यावरून सावकाश उतरत आली, कठडा धरून. म्हणाली, "काकू, अजून गप्पच आहे." तिच्या चेहऱ्याकडे बघून मी कात्री खाली ठेवली. तुझ्या बाबांनी गाडी आणली. हॉस्पिटलात तिच्या पोटावर पट्टा बांधला आणि बाळाच्या ठोक्यांची रेघ कागदावर निघायला लागली. नर्सने ती एकदा बघितली, पुन्हा बघितली आणि चालत न जाता पळत गेली. पुढे अर्ध्या तासात सगळं उरकलं.

वार नीट काम करत नव्हती म्हणे, बाळाला ऑक्सिजन पुरत नव्हता. जन्मलं तेव्हा रडलं नाही. आता काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी. रात्रीतून झटके आले. त्यांनी त्याचं अंग मुद्दाम गार ठेवलंय, मेंदूला आराम मिळावा म्हणून. ट्रकवाल्याला निरोप गेलाय, तो परतीच्या रस्त्याला लागलाय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यायला उशीर झाला. लोकांना कळत नाही रे, अशा वेळी थांबायचं नसतं. तिने थांबायला नको होतं.

तुला हे सगळं माहीत असेलच. अशी बाळं पुढे कशी होतात?

आई


१६ मार्च

खारू,

मागच्या तिन्ही पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले आहे. पहिल्यात थोडं, दुसऱ्यात जास्त आणि तिसऱ्यात सगळ्यात जास्त. शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालते. इथे तसं करता येणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

तू बाळांचा डॉक्टर आहेस हे तिने कुठूनतरी ऐकलेलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, पहिल्यांदा माप घेतानाच. तोंडात टाचण्या असताना सुद्धा सांगितलं.

अकरा तारखेला ती आली तेव्हा म्हणाली, "काकू, दादांना एक फोन करून विचारता का? मी हॉस्पिटलात जाऊ का?" मी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले. तुला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला नाही. बाहेर ती पोटावर हात ठेवून बसली होती. तिला काय सांगणार, माझा मुलगा माझा फोन घेत नाही? तिच्यासमोर मी तुझं इतकं कौतुक केलेलं. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात, "हं, हं, बरं, सांगते तिला" असं बोलले. मग बाहेर येऊन म्हणाले, "त्याने सांगितलंय, घाबरू नकोस. बाळ शहाणं आहे. ताकद राखून ठेवतंय. तू डाव्या कुशीवर पडून राहा."

"दादा असं म्हणाले?"

"त्याचेच शब्द."

शब्द तुझेच होते. तू तुझ्या बाबांना समजावं म्हणून जनरेटरचं सांगितलं होतंस. आपल्याला श्वास कमी पडला की आपण धापा टाकतो, हातपाय झाडतो, छातीत धडधडतं. पोटातलं कोकरू उलट करतं. ठोके हळू करतं, पाय हलवायचे थांबवतं, श्वासाची जी तालीम चाललेली असते ती बंद करतं. कातडी, आतडी, पाय यांचं रक्त आखडतं आणि मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. वीज गेली की इमारतीचा जनरेटर घराघरातले पंखे चालवत नाही, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे तेवढे चालू ठेवतो, तसं. तुझे बाबा केवढे खूश झाले होते. आणि मी बेकरीवालीला हेच सांगितलं, पंख्यांसकट.

परवा चहा घेताना मी यांच्यापाशी कुरकुरले, की पोरीने एक दिवस उगाच घालवला.

हे म्हणाले, "थांबायला कुणी सांगितलं तिला?"

मी सुईत दोरा ओवत होते. जात नव्हता.

"अगं, तुला विचारतोय."

"खारूनेच नाही का सांगितलं होतं, गप्प झालं म्हणजे ते स्वतःला सांभाळतंय म्हणून."

यांनी कप खाली ठेवला. "ते अर्धं झालं. पुढचं?"

"पुढचं काय?"

"तू खिडकी लावायला उठली होतीस," हे म्हणाले. "मी त्याला विचारलं, मग जनरेटर किती वेळ चालायचा? तो म्हणाला, तिथेच तर सगळं आहे बाबा. डिझेल किती शिल्लक आहे हे कोकराला माहीत नसतं. थोडा वेळ निभावतं, मग राखून ठेवलेलंही संपतं. म्हणून कोकरू गप्प झालं की आम्ही निर्धास्त होत नाही, आमची धावपळ तिथून सुरू होते."

ती खिडकी मला आठवते, खारू. खाली वाळत घातलेले कपडे काढायला इमारतीतल्या चार बायका जमल्या होत्या. तुझा आवाज मोठा, आणि दर वाक्याला मेंढी. पोटातल्या कोकराच्या गळ्यात नळी, मेंढीला कमी हवा, असं सगळं खाली ऐकू जात असणार. मी उठले. त्या खिडकीची कडी नीट बसत नाही, तळहाताने ठोकून बसवावी लागते. ठोकत होते तेवढा वेळ तू बोलत होतास. परत येऊन मी काय म्हणाले तेही आठवतं. "घे अजून थोडं," म्हणाले.

मावशीकडे जिन्यात तू म्हणालास ते खरं होतं. मला लाज वाटत होती.

एवढ्यावर संपत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, "कालपासून हालचाल नाही, मग काल का नाही आलात? कुणी थांबायला सांगितलं का?" मी खाटेच्या पायथ्याशी तिची पिशवी धरून उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, कुणी नाही. मलाच वाटलं थांबावं." मी पिशवीचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

काल डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कदाचित बरं झालं असतं. कदाचित हेच झालं असतं. आता सांगता येत नाही." त्या "सांगता येत नाही"ला धरून मी रात्र काढली. सकाळी ते माझ्याच्याने धरवलं नाही.

तू फोन उचलला नाहीस म्हणून हे झालं, असं तुला वाटेल. ते मनातून काढून टाक. उचलला नाही एवढं मी तिला सांगितलं असतं तर ती त्याच पावली हॉस्पिटलात गेली असती.

आई


६ एप्रिल

खारू,

काल बाळ घरी आलं. मी आज वर गेले.

आणखी आधी जायला हवं होतं. ती हॉस्पिटलात आहे, तिला आराम हवा, नवरा थकून आलाय, अशी रोज एक सबब सापडत होती. तुझे बाबा काही बोलत नव्हते. आज फक्त म्हणाले, "लिफ्ट चालू आहे." मी जिन्याने गेले.

ट्रकवाल्याने दार उघडलं. मला बसवलं, स्वतः उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण आवाज अगदी हळू, बाळ झोपलेलं म्हणून. म्हणाला, "तुमच्या मुलाचे आभार मानायचे होते काकू. एवढ्या कामातून हिच्यासाठी फोनवर वेळ दिला त्यांनी. त्यांचा काही दोष नाही, फोनवर किती कळणार?"

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मी म्हणाले, "माझा मुलगा बाळांचा डॉक्टर नाही."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बेकरीवालीने मान वर केली.

"तो मेंढ्यांवर काम करतो. पोटातल्या कोकरांना ऑक्सिजन कमी पडला की ती काय करतात, ते तपासतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

बेकरीवाली म्हणाली, "म्हणजे ते शहाणं बाळ, ताकद राखणं, ते कोकराचं होतं?"

"हो. आणि तेही मी अर्धंच ऐकलेलं."

"पण फोनवर तर दादा..."

"त्याने फोन उचलला नव्हता. बरेच दिवस उचलत नाही माझा."

"मग आत कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशीच नाही."

ती बराच वेळ बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी दादांचं नाव घेतलं नाही. त्यांच्या नोकरीवर येईल म्हणून. मी त्यांना वाचवत होते काकू." आणि थोड्या वेळाने, आवाज न चढवता, "तुम्ही खाली जा आता."

ट्रकवाल्याने दार उघडून धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर दार हळूच लावलं, बाळ उठू नये म्हणून.

ज्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्यांनाही जाऊन सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे तुम्ही दुसऱ्या कुणा बाईला पुन्हा सांगणार नाही, एवढं मला पुरे आहे." मला ते पुरलं नाही. पण त्यांच्याकडे आणखी काही नव्हतं, बाहेर रांग होती.

बाळाला मी नीट बघितलंसुद्धा नाही.

आई


२९ एप्रिल

खारू,

इमारतीत आता सगळ्यांना माहीत आहे. काहींनी दुकानात यायचं बंद केलं. जी येतात त्यांतली एखादी विचारतेच, "मग मुलगा नक्की करतो तरी काय?" मी सांगते, मेंढ्यांच्या पोटातल्या कोकरांवर काम करतो. परवा एकजण म्हणाली, "अच्छा, गुरांचा डॉक्टर." मी म्हणाले, "तोही नाही. बसा, सांगते." सांगताना अडखळले की तुझे बाबा आतून दुरुस्ती करतात. त्यांना डिझेलपर्यंतचं पाठ आहे. ती बाई शेवटी म्हणाली, "बिचाऱ्या मेंढ्या." मी म्हणाले, "हो. त्यालाही तसं वाटतं." तुला तसं वाटतं का, हे मी तुला कधी विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं.

आज बेकरीवाली आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. बाळ छातीशी बांधलेलं. झगा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "पट्ट्या काढून टाका. सोमवारपासून कामावर जायचंय."

बस म्हणाले, बसली नाही. मी तिथेच उसवायला घेतलं. तिसऱ्यांदा सैल केलेला झगा, जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. इस्त्रीच्या वाफेने थोडी बुजतील, सगळी नाही. तिला तसं सांगितलं. "चालेल," म्हणाली.

बाळ जागं होतं. दूध ओढायला वेळ लावतं म्हणे. डावा हात मूठ मिटून असतो, उघडला तर उघडतो. डोळे मात्र टेबलावरच्या दिव्याकडे गेले आणि तिथेच राहिले. मी हात लावला नाही.

ती म्हणाली, "हॉस्पिटलात विचारलं की म्हणतात, बघू, वर्षभर थांबा, बघू. मला कुणी काही सांगत नाही." मग जरा थांबून, "तुमच्या मुलाची ती कोकरं, ज्यांना ऑक्सिजन कमी पडलेला असतो. ती जन्मल्यावर कशी होतात? उभी राहतात? आईला ओळखतात?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तुला मी हे विचारलेलं नाही. जन्मल्यानंतरही त्या कोकरांचं काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"विचाराल त्यांना?" ती म्हणाली.

माझ्या तोंडावर "हो, विचारते" आलं होतं. इतकी जुनी सवय आहे. मी म्हणाले, "नको. माझ्या हाती देऊ नकोस. तूच विचार." तुझा नंबर गणवेशाच्या पिशवीवरच्या चिठ्ठीमागे लिहून दिला. सांगितलं की तो डॉक्टर म्हणून बोलणार नाही, कोकरांचं माहीत आहे तेवढं सांगेल, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेल. हे मी तुझ्या वतीने बोलले, पण यात खोटं नसावं असं वाटतं.

तिने चिठ्ठी घडी करून बाळाच्या झोळीत खोचली. झगा घेतला. जाताना "येते काकू" म्हणाली नाही, पण पडदा बाजूला करताना बाळाचं डोकं माझ्या बाजूला होतं, आणि ते तिने फिरवलं नाही.

ती विचारेल तेव्हा तिला सगळं सांग. वाईट असेल तेही. तिच्यावर अर्धं ऐकायची वेळ येऊ देऊ नकोस.

माझा फोन उचलला नाहीस तरी चालेल. तुला वाटेल तेव्हा उचल. पण या दोनचार दिवसांत दुपारच्या सुमाराला एका अनोळखी नंबरावरून फोन येईल. मागे बेकरीतला गोंगाट असेल. तो उचल.

आई